अनवाणी माणसासाठी बंदूक

"हे पिस्तूल आहे की बरणीचं घट्ट बसलेलं झाकण?" ऑर्फाआत्याने विचारलं आणि ते परत काउंटरच्या काचेवर ठेवलं. दोन्ही हातांनी ओढून ओढून तिचं तोंड लाल झालं होतं, पण वरची स्लाइड काही केल्या मागे सरकेना. बोटांच्या गाठी संधिवाताने सुपारीएवढ्या झालेल्या.

काउंटरपलीकडे व्हर्लिन स्टिडम उभा होता. त्याचं निम्मं आयुष्य या काचेमागे गेलं होतं, पण गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत जावं असं त्याला आज पहिल्यांदाच वाटत होतं. त्यातून ही ऑर्फाआत्या. सख्खी नव्हे, पण त्याची आई गेल्यावर हिच्याच चुलीवरच्या घेवड्यावर आणि मक्याच्या पावावर तो वाढला होता.

"तुला कशाला हवी बंदूक, आत्या?" त्याने विचारलं. "तुझ्या दाराला साधी कडी नाही."

"म्हणूनच हवी. तू दाखव."

दुकान तसं हार्डवेअरचं, मालक दुसराच, व्हर्लिन तिथे नोकरीला. पुढे खिळे, दोर, रंगाचे डबे, मध्ये शेगडी, आणि मागच्या भिंतीला बंदुका. केंटकीच्या त्या डोंगराळ भागात कुणाला घरासाठी बंदूक हवी असली की तो आधी व्हर्लिनकडे यायचा, कारण व्हर्लिन बंदूक विकायचा नाही, तो ती जुळवायचा. चांभार पाय बघतो तसा हा हात बघायचा, मग घर विचारायचा. भिंती फळ्यांच्या की विटांच्या? फळ्यांच्या असतील तर गोळी आरपार जाऊन पलीकडे झोपलेल्याला लागायची. बोळ अरुंद आहे का? मग लांब नळी कामाची नाही, ती दारातच अडकेल. कोण कुठे निजतं, घरात लहान मूल आहे का, कुलपाची पेटी ठेवणार का? नवरेमंडळी बायकोसाठी पर्सएवढं इवलंसं रिव्हॉल्व्हर मागायला येत, तेव्हा तो त्यांना सांगायचा की बाबा, जितकी हलकी तितकी लाथ जास्त मारते, तुझी बायको एकदा झाडेल आणि परत हात लावणार नाही.

आणि हे सगळं सांगता सांगता गोष्ट. गोष्टीशिवाय त्याने साधा खिळासुद्धा विकला नसेल. त्याच्या आजोबांच्या बंदुकीला म्हणे असा धक्का होता, की रविवारी ते परसात उभे राहून पूर्वेला बार काढायचे आणि थेट पश्चिमेच्या चर्चच्या पायरीवर जाऊन पडायचे. घोड्याचा चारा वाचायचा. येताना मात्र चालत यावं लागे, कारण चर्चमध्ये बंदूक झाडायला आजीची बंदी होती. लोक पोट धरून हसत आणि काडतुसांचा जादा डबा घेऊन जात.

जिभेला हाड नसतं हेच खरं. मागच्या पानगळीत शेगडीपाशी माणसं नुसतीच बसून होती, नवीन काही घडत नव्हतं, तेव्हा व्हर्लिनने गोष्टीत एक अनवाणी माणूस सोडला. हा माणूस रात्री येत नाही, भरदिवसा येतो. काही फोडत नाही, काही तोडत नाही. हळूच दार ढकलतो, तुमच्या भांड्यातलं खातो, तुमच्या खुर्चीत बसतो, आणि तुम्ही आत आलात की उठतो. उठल्यावर काय करतो ते व्हर्लिनने सांगितलंच नाही. तिथेच तर त्याची कला होती.

हा माणूस त्याने आभाळातून नव्हता आणला. ऑर्फाआत्याचा भाऊ एस्टिल, आत्याच्याच घरी राहणारा. म्हातारपणी त्याचं डोकं रिकामं होत चाललं होतं. सकाळी उठून ओढ्याकाठाने निघायचा, बूट वाटेत कुठेतरी काढून टाकायचा, कुणाच्याही घरात शिरून भांड्यातलं खायचा. व्हर्लिनने एस्टिलचे पाय घेतले आणि त्यांच्यावर दुसराच धिप्पाड, जळक्या डोळ्यांचा राक्षस बसवला. कुणी ओळखणार नाही, याची त्याला खात्री होती. आणि कुणी ओळखलंही नाही. नाताळापर्यंत गोष्ट फिरून परत त्याच्याच कानावर आली तेव्हा त्या माणसाला प्रत्येक पायाला सहा बोटं फुटली होती. आपलंच खोटं नवे कपडे घालून भेटायला आल्यावर जो आनंद होतो, तो व्हर्लिनला झाला. तो गप्प बसला. बंदुका जायला लागल्या.

"ही बघ," म्हणत त्याने आत्याच्या हातात एक आखूड, हलकी शॉटगन दिली. वीस बोअरची, एक नळीची. मधे मोडून काडतूस घालायचं, स्लाइडचा प्रश्नच नाही. मापाने घडवल्यासारखी ती तिच्या खांद्याला बसली. आत्याने नळी छताकडे करून बघितलं आणि मान हलवली.

"ही जमेल," ती म्हणाली.

व्हर्लिनने विषय बदलायला बघितलं. आत्या, तुला सबंध जन्मात कधी भीती वाटली नाही, अस्वल परसात आलं तर तू केरसुणीने हाकललंस, आता काय झालं, असं काहीबाही तो बोलत राहिला. आत्या म्हणाली, भीती तिची तिला नाहीच. तिला खाऊन त्या माणसाला काय मिळणार, नुसती हाडं आणि कटकट. भीती एस्टिलसाठी.

मग तिने सांगितलं. परवा सकाळी ओढ्याकाठच्या डल्सीच्या घरात तो अनवाणी माणूस शिरत होता. डल्सी चुलीपाशी पाठमोरी होती. वळली तर जाळीच्या दारात खाली दोन उघडे पाय. तिने वर तोंडाकडे बघितलंच नाही. दाराआडची बंदूक उचलली आणि झाडली. छर्रे चौकटीत घुसले. माणूस पळाला.

"चौकटीला कुठे?" व्हर्लिनने विचारलं. आवाज त्याचा त्यालाच परका वाटला.

आत्याने आपल्या छातीवर हात ठेवला. "इथे. एवढ्या उंचीवर. आणि त्याच सकाळी आमचा एस्टिल घरी आला तो थरथरत. पँट ओली. काही बोलेना, नुसता माझ्या एप्रनला धरून बसला. वाटेत त्याला तो माणूस भेटला असणार, व्हर्लिन. त्याने माझ्या भावाला काही केलं असणार."

शेगडीतलं लाकूड तडकलं. व्हर्लिनला डल्सीची ती बंदूक डोळ्यांपुढे दिसत होती. बोळ अरुंद म्हणून आखूड नळीची, खांदा दुखतो म्हणून मऊ रबर लावलेली. त्यानेच लावलं होतं, आपल्या हाताने, शीळ घालत.

"आत्या," तो म्हणाला, "तो माणूस नाही. मी केलाय तो."

"केलाय म्हणजे?"

"इथे बसून. गंमत म्हणून. पाय एस्टिलकाकाचे घेतले आणि बाकीचं मनाने जोडलं."

ऑर्फाआत्या ओरडली असती, केरसुणी घेतली असती, तर त्याला बरं वाटलं असतं. तिने बंदूक उघडली, रिकामी आहे ना बघितलं, नळी भिंतीकडे करून काउंटरवर ठेवली. मग एकेक नाव घ्यायला लागली. डल्सीला कोणती दिलीस? हायरमला? मिलवरच्या विधवेला? वळणावरच्या त्या नव्या जोडप्याला? आणि व्हर्लिन सांगत गेला. हायरमकडे लांब नळीची, कारण त्याला पोर्चमधून फाटकापर्यंत नेम हवा होता. विधवेला रिव्हॉल्व्हर, जड, म्हणजे हात हलू नये. नव्या जोडप्याची पलंगाशेजारी, कुलपाच्या पेटीत, पण दिवसा पेटी उघडीच असते. ओढ्याकाठच्या प्रत्येक दाराआड काय उभं आहे, ते त्याला पाठ होतं. एस्टिलच्या रोजच्या वाटेवरचं घर आणि घर.

"चांगल्या निवडल्यास," आत्या म्हणाली. "एकही चुकायची नाही."

ती बंदूक न घेताच निघून गेली.

व्हर्लिन त्याच दुपारी दुकान सोडून खोऱ्यात घरोघर फिरला. खोटं बोलायला कधी कष्ट पडले नव्हते, खरं बोलताना मात्र घाम फुटला. आणि कुणी विश्वास ठेवील तर शपथ. डल्सीने त्याला कॉफी दिली आणि कनवाळूपणे विचारलं की त्या माणसाने तुला धमकी दिली का रे. हायरमने तर चिखलातलं सहा बोटांचं पाऊल स्वतः बघितलं होतं, त्याचं माप घेतलं होतं. व्हर्लिन कळवळून म्हणाला, अहो, मी थापाड्या आहे, आजोबांची ती चर्चची गोष्टसुद्धा थाप होती. त्यावर हायरम खरंच दुखावला. ती गोष्ट त्याने पाहुण्यांना आपल्याच आजोबांची म्हणून सांगितली होती. तो अनवाणी माणूस एस्टिलकाका आहे, असंही व्हर्लिनने दारोदार सांगून बघितलं. लोक म्हणाले, एस्टिलला आम्ही ओळखत नाही का? तो गरीब बिचारा. हा वेगळा.

लांडगा आला रे, असं ओरडणाऱ्यावर लोक शेवटी विश्वास ठेवत नाहीत, असं म्हणतात. लांडगा नाही रे, असं ओरडणाऱ्याची गत त्याहून वाईट, हे व्हर्लिनला त्या संध्याकाळी कळलं. बंदुका दाराआडच राहिल्या. शिवाय आता दारांना कड्या लागायला लागल्या, आणि त्या कड्याही लोक त्याच्याच दुकानातून नेत होते.

एस्टिलला घरात कोंडून बघितलं. तो दाराला डोकं आपटून घ्यायला लागला. आत्याने बुटांच्या नाड्यांना गाठीवर गाठी मारल्या. ते बूट तासाभरात कुंपणाच्या खुंटावर टांगलेले सापडले, तळ आभाळाकडे.

खोऱ्यात एक जुनी रीत आहे. कुणाच्या घरी जायचं तर वाटेवरूनच हाळी द्यायची, आपलं नाव सांगायचं, आतून उत्तर आलं की मगच फाटकाला हात लावायचा. हाळी न देता येतो तो परका. एस्टिलच्या डोक्यातून बायकोचं नाव गेलं, लढाईत गेला होता ते गेलं, तशी ही हाळीही गेली होती. त्याला रस्ता आठवायचा, फाटक आठवायचं, भांडं कुठे असतं ते आठवायचं. मधलं तेवढं पुसलेलं.

तेव्हा सकाळी दुकान उघडण्याआधी व्हर्लिन त्याच्याबरोबर निघायला लागला. आत्या त्याला दारात बघून एस्टिलचा कोट आणून द्यायची आणि आत जायची. पूर्वी ती त्याच्यापुढे ताट ठेवल्याशिवाय राहायची नाही. आता ठेवत नव्हती, आणि त्यानेही मागितलं नाही. बंदुकांचं काउंटर त्याने मालकाला सांगून सोडलं, आता तो रंग आणि खिळे विकत होता. माणसं शेगडीपाशी बसून वाट बघायची, पण गोष्ट काही निघत नव्हती.

एके दिवशी ओढ्यावर धुकं होतं. एस्टिल पुढे, व्हर्लिन मागे. एस्टिलने बूट कधीच काढून टाकले होते आणि ओल्या गवतात त्याचे पाय लालभडक झाले होते. डल्सीच्या फाटकाशी आल्यावर तो एकाएकी थांबला. चौकटीतली ती फाटलेली जागा त्याला दिसत होती की नव्हती कोण जाणे, पण त्याने व्हर्लिनची बाही घट्ट पकडली.

"पुढे नको," तो कुजबुजला. "इथे तो अनवाणी माणूस असतो."

व्हर्लिनने धुक्यातून दाराकडे बघितलं.

"तुझ्याकडे बंदूक आहे का रे?" एस्टिलने विचारलं.

"नाही, काका."

"मग हाक मार. जोरात मार. त्याला कळू दे आपण दोघं आहोत."

व्हर्लिन त्याच्यापुढे जाऊन उभा राहिला, छाती दाराकडे करून. त्याने दोन्ही हात तोंडाशी धरले आणि डल्सीला हाळी दिली. मी व्हर्लिन, म्हणाला, आणि बरोबर एस्टिलकाका आहेत. आतून उत्तर आलं नाही. जाळीमागे काहीतरी हललं. पाठीला एस्टिलचा हात लागत होता. व्हर्लिन जागचा हलला नाही, त्याने श्वास घेतला आणि पुन्हा, आणखी मोठ्याने, एस्टिलचं नाव घेतलं.