पाठीमागचा माणूस

काशीरामनं पुस्तक फाडकन मिटलं आणि झोपाळ्यावर उपडं टाकलं.

"मेल्यानं बुडवलंन तिला."

स्वयंपाकघरात भाकरी थापणारा सगुणाचा हात थांबला. "कोणी? कोणाला?"

"त्या सोहन्यानं. कप्तानबाईला. तिच्याच हाताखालचा माणूस गो. तिच्याच ताटात जेवलेला."

"पुस्तकातली ना?"

"मग काय वाडीतली?"

"तसं सांगा की आधी. माझ्या काळजाचं पाणी झालं," म्हणत सगुणानं भाकरी तव्यावर टाकली.

काशीरामनं उभ्या आयुष्यात पुस्तक वाचलं नव्हतं. हयात गेली एस.टी.च्या स्टिअरिंगमागे. रत्नागिरी-कोल्हापूर, कोल्हापूर-रत्नागिरी, आंबा घाटाचं वळण न् वळण पाठ. वाचन म्हणजे पेपर, तोही डेपोत दुसऱ्यानं वाचून टाकलेला. निवृत्त झाल्यावर आंब्याची चार कलमं बघायची आणि देवळाच्या कामात पुढं राहायचं, एवढाच काय तो उद्योग. असा हा माणूस हल्ली सकाळ-संध्याकाळ झोपाळ्यावर बसून 'राखेचं आरमार' नावाच्या मालिकेतले जाडजूड भाग एकामागून एक संपवत होता. मुखपृष्ठं काळीकुट्ट, त्यांवर जळणारी अंतराळयानं. आत युद्ध, आणि युद्धापेक्षा जास्त फितुरी. शत्रूनं मारलेली माणसं कमी, आपल्यांनी दगा देऊन मारलेली जास्त.

पुस्तकं त्याच्या लेकीची, निशिगंधाची. कॉलेजात होती तेव्हापासून तिनं त्यांची पारायणं केली होती. आता तिची सैन्यात अधिकारी म्हणून निवड झाली होती आणि पुढच्या आठवड्यात ट्रेनिंगसाठी चेन्नईला जायचं होतं. वाडीत पेढे वाटून झाले. सरपंच येऊन शाल घालून गेले. पालीच्या बाजारात कोणी "पोरीनं नाव काढलंन हो" म्हटलं की काशीरामची छाती फुगायची. अभिमान होता, रग्गड होता. पण तो तोंडावाटे बाहेर यायला लागला की भीती आडवी यायची.

तिनं बापाकडे एकच गोष्ट मागितली होती. "बाबा, जाताना देवळात गाऱ्हाणं तुम्हीच घाला."

वाडीतलं कोणी मुंबईला निघो नाहीतर बोटीवर जावो, केदारलिंगापुढं नारळ ठेवून गाऱ्हाणं घातल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही. ते घालायचा मान काशीरामच्या घराण्याचा. त्यानं देवाला हाक मारून मागणं मागायचं आणि जमलेल्यांनी 'व्हय महाराजा' म्हणून त्याला जोड द्यायची. पण मनात एक आणि देवापुढं तोंडात दुसरं, हे काशीरामला कधी जमलं नव्हतं. पोरीला पाठवायला मनच राजी नसेल तर मागणं कसलं मागायचं? म्हणून तो एवढंच म्हणाला होता, "बघू."

काशीरामचं 'बघू' म्हणजे नाही, हे त्या घरातल्या मांजरालाही ठाऊक होतं. निशिगंधानं हट्ट केला नाही. "नाही घातलंत तर मी तशीच जाईन," असं म्हणून ती आत गेली. ती तशी जाईल याची त्याला खात्री होती, आणि लेक आपल्या गाऱ्हाण्याशिवाय घराबाहेर पडली तर आपण पुन्हा त्या देवळात कोणत्या तोंडानं उभं राहणार, हेही त्याला कळत नव्हतं.

सगुणाच्या मते सगळा दोष त्या पुस्तकांचा. "त्यांनीच डोकं फिरवलं पोरीचं." म्हणून तर काशीरामनं ती हातात घेतली. बॉनेट उघडल्याशिवाय बिघाड कुठं आहे ते समजत नाही, हा त्याचा जुना शिरस्ता. लेकीला गप्प बसवेल असा एक मुद्दा त्याला हवा होता आणि आज, तिसऱ्या भागात, तो सापडला होता.

कप्तान अर्णाचं यान खडकांच्या दाटीत अडकतं. समोर शत्रू. मागं सरकण्यावाचून गत्यंतर नाही, आणि मागचं तिला दिसत नाही. पाठीमागच्या यानात तिचा उजवा हात, सोहन. तो सांगतो, मोकळं आहे, या मागे. ती विश्वासानं मागे घेते. मागं सुरुंग पेरलेले असतात. सोहन केव्हाच लांब सुरक्षित जाऊन उभा असतो.

काशीरामला जेवण गोड लागलं नाही. घाटात ज्यानं गाडी मागं घेतली आहे त्यालाच ते कळावं. धुक्यात आरसा आंधळा होतो, पाठीमागं दरी, गाडीत माणसं झोपलेली, आणि ड्रायव्हरच्या कानात फक्त कंडक्टरचं "येऊ दे, येऊ दे". त्या आवाजावर काशीरामनं आयुष्यभर गाडी मागं घेतली होती.

हात धुऊन त्यानं पावस गावी हारुनला फोन लावला. हारुन त्याच्या गाडीवरचा कंडक्टर, दोघं एकाच वर्षी निवृत्त झालेले.

"हारुनभाई, घाटात गाडी मागं घेताना तू कुठं उभा राहायचास?"

"हे काय विचारणं झालं? तब्येत बरी आहे ना तुझी?"

"सांग रे."

"दरीच्या बाजूला. आणखी कुठं?"

"डोंगराच्या बाजूला का नाय?"

"तिथनं कडा नीट दिसत नाही. आणि मी दरीकडे आहे म्हटल्यावर तू बिनघोर मागं घ्यायचास. माझं चुकलं तर पहिला मीच जाणार, हे तुला माहीत होतं."

"मला नव्हतं माहीत. तू कधी बोलला नाहीस."

"त्यात बोलायचं काय?" हारुन म्हणाला आणि घरच्यांची चौकशी करायला लागला.

संध्याकाळी निशिगंधा धावून आली. ती रोज हायवेपर्यंत धावत जायची आणि परत यायची. घामेजलेली, लाल मातीनं पोटऱ्या माखलेल्या, ती पायरीवर बसून बूट काढायला लागली. काशीराम तिच्यासमोर येऊन उभा राहिला. हातात तिसरा भाग.

"वाचलं हे. एवढी शूर तुझी कप्तानबाई, एवढी हुशार. तिच्याच माणसानं खड्ड्यात घातलंन तिला. तू तिच्यासारखी व्हायला निघालीस. उद्या तुझ्या मागं असा कोणी सोहन्या निघाला तर काय करशील?"

निशिगंधानं बुटाची नाडी तशीच बोटात धरून वर बघितलं.

"मला अर्णासारखं व्हायचंय, असं कोणी सांगितलं तुम्हाला?"

"मग ही पुस्तकं कोणासाठी वाचतेस? त्या सोहन्यासाठी?"

"हो."

काशीरामनं हातातलं पुस्तक खाली केलं.

"बाबा, पुढचे भाग म्हणजे नुसती राख आहे. शहरं जातात, ग्रह जातात. का, तर एक माणूस मागं उभा राहून खोटं बोलला. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मीसुद्धा अर्णासाठीच रडले. मग वाटायला लागलं, त्या जागेवर खरा माणूस असता तर पुढची पुस्तकं लिहायची वेळच आली नसती." ती पुन्हा नाडीशी खेळायला लागली. "पुढं होऊन नाव काढणारे पुष्कळ आहेत. मला त्या जागेवर उभं राहायचंय. मी 'या मागे' म्हटलं की पुढच्यानं डोळे मिटून यावं."

दुपारपासून घोकून ठेवलेला मुद्दा काशीरामच्या तोंडातच राहिला. ही पोर हे कुठं शिकली? त्यानं तिला कधी असलं काही सांगितलं नव्हतं, त्याचं त्यालाच ते आज दुपारी कळलं होतं.

"दरीच्या बाजूला उभी राहशील?" त्यानं विचारलं.

"म्हणजे?"

"काय नाय. पाय धू जा, माती लागलीय."

आणि तो कलमं बघायला निघून गेला. दिवेलागणीला कलमांत काय दिसतं ते त्यालाच ठाऊक. खरं तर त्याला रडू येत होतं, आणि ते दुःखाचं नव्हतं. एवढी मोठी लेक आपल्या घरात वाढली आणि आपण पुस्तकांनी तिला बिघडवलं म्हणत होतो, याचं त्याला हसूही येत होतं. आंब्याच्या बुंध्याला पाठ लावून तो अंधार पडेपर्यंत उभा राहिला.

निघायच्या दिवशी सकाळी देवळात वाडी जमली. वाटेत सगुणानं त्याला दोनदा बजावलं होतं. "सुखरूप परत आण, एवढं नक्की म्हणा. बाकी काय ते तुमचं तुम्ही बघा." काशीरामनं नुसती मान हलवली होती. गाभाऱ्यासमोर नारळ ठेवून तो उभा राहिला. बाजूला निशिगंधा, मागं पुरुषमंडळी, खांबापलीकडे बायका.

"बा केदारलिंगा महाराजा, बारा वाड्यांच्या धन्या."

"व्हय महाराजा."

"आज तुझं हे लेकरू, माझी लेक निशिगंधा, देशाच्या कामाला चाललीय."

"व्हय महाराजा."

"तिच्या वाटेवरची इडापिडा, काटाकुटा दूर कर."

"व्हय महाराजा."

यापुढचं सगळ्यांना पाठ होतं. यश दे, बरकत दे, सुखरूप परत आण. सगुणानं पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं. काशीराम थांबला.

"महाराजा, तिथं हिच्या पुढं कोणीतरी असेल. कुठला, कोणाचा, कोणत्या देवाला मानणारा, आम्हाला ठाऊक नाही. त्याच्यासाठी तुला हाक मारायला त्याचा बाप इथं नाही. म्हणून मीच मागतो. ही पाठीशी असताना त्याला कधी मागं वळून बघावं लागू नये. अशी ठेव माझ्या लेकीला."

घरच्या माणसाला निरोप देताना भलत्याच कोणासाठी गाऱ्हाणं घातलेलं त्या वाडीनं ऐकलं नव्हतं. यावर काय म्हणायचं, म्हणायचं की नाही, ते कोणाला कळेना. निशिगंधानं मान खाली घातली होती, तिचे खांदे हलत होते.

मग खांबापलीकडून एकच आवाज आला, कापरा, पण सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"व्हय महाराजा."

तो सगुणाचा होता. काशीरामनं मागं वळून बघितलं नाही.