वरचा वर्ग, खालचा वर्ग

दाराशी दोन पाट्या होत्या. फोटोग्राफीत नवखे असाल तर तळमजला, हात बसलेला असेल तर वर. कुठं बसायचं ते ज्याचं त्यानं ठरवायचं.

ठिणगीनं नवख्यांची पाटी नीट वाचलीही नाही, थेट जिना चढली. शाळा सोडल्यापासून ती मामाच्या स्टुडिओत पासपोर्टचे फोटो काढत होती. अख्ख्या वस्तीची तोंडं तिच्या हाताखालून गेलेली. शिवाय निघताना मामानं बजावलं होतं, "वरच्या वर्गातून आलीस तर बाहेरची कामं तुझी. कॅमेरा घे आणि हिंड. नाहीतर आहेच आपली भिंत."

ती भिंत तिच्या झोपेतही यायची. पांढरी, गुळगुळीत, दुधासारखी संथ वाहणारी. तिच्यापुढं माणसं ताठ व्हायची आणि वाहून जायची, आणि पलीकडून कुठूनतरी झाडांची सळसळ ऐकू यायची. ठिणगीला त्या पलीकडं जायचं होतं.

वरची खोली लांबलचक होती. उन्हाच्या पट्ट्यात धूळ इतकी सावकाश तरंगत होती, की वाटावं घड्याळालाही इथं डुलकी लागलीय. शिकवणाऱ्या बाईंचा आवाजही तसाच, पाण्याखालून आल्यासारखा.

"शेजारच्याचा फोटो काढा. एकच. घाई नाही."

ठिणगीच्या वाट्याला एक निवृत्त नर्स आली. गोल चेहऱ्याची, गप्पिष्ट. खिडकीला पांढरा पडदा होता, उन्हानं तुडुंब भरलेला. तो बघून ठिणगी खूश झाली. तिनं खुर्ची ओढून पडद्याला पाठ करून लावली.

"सरळ बसा. हनुवटी जरा खाली. केस मागं, दोन्ही कान दिसले पाहिजेत. हसू नका."

"पोरी, परदेशी पाठवतेस का तुरुंगात?"

"हललात तुम्ही. परत बसा."

मग सगळ्यांचे फोटो भिंतीवर मोठे करून दाखवले. कुणाच्या गालावरून ऊन ओघळलेलं, कुणाचे डोळे सावलीतून हळूच वर येणारे. ठिणगीचा फोटो आला. पडदा लखलखीत, आणि त्याच्यापुढं एक काळाकुट्ट गोळा. बाजूला दोन कान तेवढे ठसठशीत.

खोलीत खसखस पिकली. "माझे कान एवढे मोठे आहेत होय," नर्सबाई म्हणाल्या. "इतकी वर्षं घरात कुणी अवाक्षर काढलं नाही बघा."

बाई मात्र हसल्या नाहीत. "उजेड कुठून येत होता?"

"मागून."

"मग तिथंच का बसवलंस त्यांना?"

"मागं पांढरं लागतं ना."

बोलून झाल्यावर ते तिचं तिलाच ऐकू आलं. कान तापले. दुकानात उजेड येत नसे, तो लावलेलाच असे. मामानं एकदा लावलेला, एकदा बसवलेला. ती फक्त बटण दाबत होती.

"खालच्या वर्गात..." बाईंनी सुरुवात केली.

"मी नवखी नाही." डोक्यात तिडीक गेली. पिशवी उचलून ती तरातरा बाहेर पडली. दार आपटायला गेली, तर ते जाडजूड दार आपल्या मर्जीनं, अगदी हळू मिटलं. रागाला आवाजच मिळाला नाही.

जिन्याच्या शेवटच्या पायरीवर ती थबकली. खालच्या वर्गाचं दार उघडं होतं. आत कुणाच्याच हातात कॅमेरा नव्हता. सगळे खिडकीकडं हात धरून बसले होते आणि तळवे हळूहळू फिरवत होते, जणू खोलीभर मासे पोहत होते.

ठिणगीनंही कठड्यावरच्या उन्हात हात धरला. बोटांच्या कडा लाल पेटल्या. जरासा वळवला तर रेघांमध्ये सावल्या साचल्या. आणखी वळवला तर तो कुणा म्हाताऱ्याचा हात झाला. हाच हात दिवसभर बटण दाबायचा, आणि तिनं तो कधी पाहिलाच नव्हता.

नर्सबाई धापा टाकत खाली आल्या. "चल वर. दुसरा काढ. बाई रागावलेल्या नाहीत, बस म्हणाल्या हवं तर."

म्हणजे अजून वर बसता येत होतं. काय शिकलीस हे मामा विचारणारच नव्हता, कुठं बसलीस एवढंच विचारणार होता. ठिणगीनं हात उन्हातच ठेवला.

"आजी, तुम्ही जा."

"आणि माझा फोटो?"

"येईल तेव्हा काढते."

"तोवर मी असेन ना गं?"

"असाल की. तुम्हाला काय झालंय?"

नर्सबाई हसत वर गेल्या. ठिणगीनं मामाला फोन लावला.

"मामा, मी खाली बसतेय. नवख्यांत."

पलीकडं मामानं पंखा बंद केला. "मग बाहेरची कामं नाहीत हं. मी बोललोय ते बोललोय."

"माहितीय."

"रडतेस काय?"

"नाही रे. ठेव तू. इथं ऊन सरकतंय."

ती आत गेली आणि कडेच्या बाकावर सरकून बसली. शेजारच्या माणसानं न बघताच तिला खिडकीजवळची जागा करून दिली.