माझ्या गळ्यावरची रेघ

मी एक जुनी पिपेट आहे, मित्रांनो. नाव परकं असलं तरी मी साधी काचेची बारीक नळी. टोकाला टवका उडालाय; पण गळ्यावर कोरलेली रेघ अजून शाबूत आहे. त्या रेघेपर्यंत पाणी ओढलं की बरोबर एक घनसेंटिमीटर भरतं. या बाबतीत मी फार हट्टी आहे आणि त्याचा मला अभिमान आहे.

भट्टीतल्या काचेतून माझा जन्म झाला आणि भुशात गुंडाळून, आगगाडीने मी बालाघाटच्या एका कॉलेजात आले. जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेतली मुलं पहिली काही वर्षं मला शाई ढवळायला घेत. घनश्याम सर तेवढे मला धुऊन मऊ फडक्यावर ठेवायचे.

मग १९६४ साली रामपायली गावची विद्यार्थिनी शीला माझ्याकडे आली. तिचे वडील डोमाजी धान पिकवायचे. आदल्या वर्षी करपा रोग पडू नये म्हणून त्यांनी मोरचुदाच्या पाण्यात बी भिजवलं होतं. मोरचूद घातलं मुठीने, अंदाजाने. औषध कडक झालं आणि निम्मं बी उगवलंच नाही. यंदा घरात बियाण्याचं एकच पोतं होतं आणि पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, टाकायला पंधरा दिवस उरले होते.

"मी औषधाले हात लावत नाही आता," डोमाजी म्हणाले होते.

"थांबा बाबा, मी माप काढून आणते," शीला बोलून बसली होती.

बी जास्तीत जास्त किती कडक औषध सोसतं, ते तिला शोधायचं होतं. एका नळीत मोरचुदाचं निळंशार पाणी. पुढच्या प्रत्येक नळीत नऊ भाग साधं पाणी. पहिल्या नळीतलं एक माप दुसरीत घालून ढवळायचं, दुसरीतलं एक माप तिसरीत, असं सहाव्या नळीपर्यंत. दर नळीला औषध दहापट सौम्य. त्या काळी आमच्यातून पाणी तोंडानेच ओढत. जिभेला लागलं तर कडूजहर, म्हणून शीला फार जपून ओढायची. मग प्रत्येक नळीतलं पाणी एकेका बशीत घालून तिने वीस-वीस बिया भिजवल्या.

पाच दिवसांनी चौथ्या बशीत अकराच बियांना मोड आले. पडताळणीसाठी सरांनीही तशाच सहा बश्या केल्या होत्या; त्यांच्या चौथ्या बशीत मात्र वीसच्या वीस. शीलाचा चेहरा उतरला. खरं सांगते, मला तिचा रागच आला होता, कारण चूक मला माहीत होती. पण काचेला बोलता कुठे येतं?

सरांनी तिला समोर बसवून पुन्हा एक माप घ्यायला लावलं.

"शीला, रेघेच्या वर काहून भरून राह्यली तू?"

"मापाले वरून शीग तं लागतेच ना, सर. आमच्या घरी धान मोजताना सपाट पायली कोणाले देत नाहीत."

सर हसले नाहीत. "हौ, पायलीले शीग शोभते. पण इथं तुझी शीग दर नळीत वाढत जाते. चौथ्या नळीत औषध दुप्पट झालं."

शीलाने मला धुतलं आणि पुन्हा पहिल्या नळीपासून सुरुवात केली. डोळा रेघेच्या पातळीवर, बोट वरच्या तोंडावर. पाणी रेघेला टेकलं की ती थांबे. इतकं नेमकं मला कुणीच भरलं नव्हतं. पाच दिवसांनी चौथ्या बशीत वीस पांढरे मोड उभे होते. शीलाने ते तीनदा मोजले आणि मग ती रडली.

चौथ्या नळीच्या त्या मापाने भिजवलेलं बी दाट उगवलं आणि हातभर वाढलं. डोमाजींचे पऱ्हे पाहायला शेजारचे बांधावर आले आणि माप विचारून गेले.

धान निघाल्यावर डोमाजी पायली घेऊन थेट प्रयोगशाळेत आले. सरांच्या टेबलावर नवा तांदूळ मोजताना त्यांनी वर शीग चढवली आणि शीलाकडे पाहिलं. "इथं तं चालते ना वं?"

दाणे घरंगळले आणि माझ्या अंगावर पडले.

आता मी कपाटात असते. मित्रांनो, माझ्या बहिणी तुमच्या हाती येतील, त्यांना धुऊन जपून ठेवा. मोजाल तेव्हा रेघ पाहा. द्यायला बसाल तेव्हा मात्र डोमाजींची पायली आठवा.