दोरीवरची चादर

"हे ते नाहीत," बाई म्हणाल्या.

जोडाऱ्यानं स्क्रीनवरून मान वर केली. जोडारी हे नाव बाजारानं ठेवलेलं. जोडारी म्हणजे फिटर, पण कारखान्यात त्यानं कधी पाऊल टाकलं नव्हतं. तो फोटो जोडायचा. लांब गेलेल्यांना, कायमच्या गेलेल्यांना एका चौकटीत आणून बसवायचा. दुकानाचे पडदे दिवसभर ओढलेले असत. त्या मंद उजेडात स्क्रीनवर चेहरे तळ्यातून यावेत तसे वर येत, तरंगत, एकमेकांशेजारी स्थिरावत. मग त्याला तहानभूक सुचत नसे. "तुम्हाला जिवंत माणसं दिसतात तरी का?" असं बायको अधूनमधून विचारून घेई.

समोर गोऱ्यापान बाई आणि त्यांची सावळी लेक बसली होती. लेक पोटात असतानाच बाप गेला. घरात त्याचा एकच फोटो, अंगणातला, जुना होऊन पिवळा पडलेला. त्याच्याशेजारी लेकीला बसवायचं होतं. चेहरा चुकला असता, तर तिच्या मनात जन्मभर भलताच बाप राहिला असता.

जोडाऱ्यानं काम रीतसर केलं होतं. दोन फोटोंचे रंग जुळवायचे तर आधी पांढरं शोधायचं. ते पांढरंशुभ्र केलं की बाकीचे रंग आपसूक ताळ्यावर येतात. त्यानं बापाचा सदरा शुभ्र केला. चेहरा गोरा, निळसर झाला, पण ते त्याला खटकलं नाही. गोरं केलं म्हणून फोटो आजवर कुणी परत आणला नव्हता.

"सदरा पांढरा नव्हता हो," बाई म्हणाल्या. "लोण्याच्या रंगाचा होता. मीच शिवला होता."

"मग पांढरं काय धरू, सांगा."

बाई स्क्रीनजवळ वाकल्या. बराच वेळ त्या फोटोतल्या अंगणातच होत्या.

"मागं दोरीवर चादर आहे बघा. त्याच सकाळी धुतलेली."

कोपऱ्यातला तो तुकडा त्याला नुसता डाग वाटला होता. त्यानं आता तेच पांढरं धरून तिथं क्लिक केलं. अंगणात हळूहळू ऊन उतरलं. सदरा लोणी झाला आणि चेहऱ्यावर उबदार सावळेपण आलं.

"आता कसे ओळखीचे वाटतात," बाई म्हणाल्या.

लेक स्क्रीनजवळ सरकली. आई एवढी गोरी, मग ही कुणावर गेली, हे ऐकतच ती मोठी झाली होती.

जोडाऱ्यानं सवयीनं विचारलं, "ताई, आता तुमचा रंग यांच्याशी जुळवून घेऊ ना?"

तिनं आपलं मनगट स्क्रीनवरच्या गालाशेजारी धरलं.

"जुळलेला आहे, काका," ती म्हणाली. हात मात्र तिनं बराच वेळ खाली घेतला नाही.