मीटरच्या कपाळावरचा टिळा

शौनकला माणसांना प्रश्न विचारायचा संकोच वाटे, आणि त्याला मिळालेली नोकरी नेमकी प्रश्न विचारण्याचीच होती. कारखान्यांची सुरक्षा तपासणी करून देणाऱ्या नेरूळच्या एका लहानशा संस्थेत तो दोन वर्षांपूर्वी लागला. डोक्यावर पांढरे हेल्मेट, हातात तपासणीचा तक्ता आणि घशात अडकलेला शब्द, अशा थाटात तो कारखान्यांतून फिरे. अग्निशामक भरलेला आहे का, असे तो विचारी. आहे, असे उत्तर येई. तो बरोबरची खूण करी आणि पुढे सरके. समोरच्याने सांगितल्यावरही स्वतः बघायला जाणे म्हणजे परक्या घरात शिरून फडताळातले डबे उघडण्यासारखे आहे, असे त्याला मनापासून वाटे.

गेल्या पावसाळ्यात तळोज्याच्या एका कारखान्यात त्याने अशीच खूण केली होती. मागून त्याच्या वरिष्ठ जयमालाबाई आल्या. त्यांनी भिंतीवरचे ते लाल नळकांडे एका हाताने, फुलांची परडी उचलावी तितक्या सहज उचलले आणि शौनकच्या हातात दिले. आत काहीही नव्हते. बाई रागावल्या असत्या तर त्याला बरे वाटले असते. परतीच्या वाटेवर गाडीत त्या एवढेच म्हणाल्या, "आहे का, असं विचारू नकोस रे. दाखवता का, असं म्हण. माणसांना आपली वस्तू दाखवायला आवडतं." तेव्हापासून त्या दोन शब्दांचा तो घरी आरशासमोर सराव करी. आरशातला शौनकही ते जरा अडखळतच म्हणे.

दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या सोमवारी जयमालाबाईंना दुसरीकडे जावे लागले, आणि पावणे गावातल्या एका रंगाच्या कारखान्यात त्याला प्रथमच एकट्याने पाठवण्यात आले. काम तसे मोठे नव्हते. आवारात जमिनीखाली सांडपाण्याची टाकी होती. वर्षातून दोनदा तिच्या तळाचा गाळ काढावा लागे आणि त्यासाठी एका माणसाला आत उतरावे लागे. उतरण्यापूर्वीची सारी तयारी नीट झाली आहे ना, हे पाहून शौनकने कागदावर सही करायची होती. त्या सहीशिवाय कोणी उतरायचे नाही, असा कारखान्याचा नियम होता.

उतरणार होता दादू. सारसोळे गावचा, पन्नाशी ओलांडलेला, खाडीच्या वाऱ्याने चेहरा रापलेला गडी. बाप-आजा मासेमारी करत. याने मात्र तेवीस वर्षे याच कारखान्यात काढली होती. कमरेला पट्टा, पट्ट्याला दोर, असा तयार होऊन तो टाकीच्या तोंडाशी उकिडवा बसला होता आणि दोराची गाठ स्वतःच्या हाताने पुन्हा बांधत होता; दुसऱ्याने मारलेल्या गाठीवर त्याचा विश्वास नव्हता. किडकिडीत शौनकला पाहताच त्याने त्याला नखशिखान्त न्याहाळले.

"सायेब, तुमाला वाऱ्यात उभं करायचं म्हंजे खिशात दगड भरायला लागतील," तो म्हणाला. भोवतीचे तिघेचौघे हसले. शौनकही हसला, आणि त्या हसण्यात आपल्याला सामील करून घेतले गेले, याचे त्याला मनातून बरे वाटले.

कारखान्याचे व्यवस्थापक श्यामसुंदर घाईत होते. गाळ न्यायला आलेला टँकर फाटकाशी उभा होता आणि त्याचा ड्रायव्हर दर पाच मिनिटांनी भोंगा वाजवत होता. श्यामसुंदरांनी सहीचा तो कागद, भरलेले परमिट, पुढे केले. दोर आहे, पट्टा आहे, वर ओढून घ्यायची तीन पायांची घोडी आहे, गॅस मीटरने हवा तपासली आहे. आकडेही नीट लिहिलेले होते: प्राणवायू पुरेसा, बाकी तिन्ही रकान्यांत शून्य. मीटर दोरीने आत सोडून त्यांनी दादूसमोरच तपासले होते. त्यांचे बोलणे खोटे नव्हते, हे शौनकला त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होते. आणि तीच खरी अडचण होती. खोटे बोलणाऱ्याला प्रश्न विचारणे एक वेळ सोपे. खऱ्या माणसाला विचारताना जीभ जड होते.

त्याने पेनाचे टोपण काढले. टाकीच्या उघड्या तोंडातून येणारी कुबट हवा त्याला जाणवली. आठ दिवस कारखाना बंद होता. आठ दिवस हा गाळ खाली झाकणाआड, कोणी न ढवळता सडत पडला होता. असल्या गाळातून जो वायू निघतो त्याला आधी सडक्या अंड्यांचा वास येतो, आणि तो वाढला की वासच येईनासा होतो. नाकच सुन्न पडते. मग माणसाला दोन श्वासांचीही सवड मिळत नाही. हे सारे त्याने पुस्तकात वाचले होते, परीक्षेत लिहिलेही होते. पण समोर दोराची गाठ आवळणाऱ्या माणसाकडे पाहताना ते वाक्य प्रथमच त्याला खरे वाटले.

"मीटर दाखवता का?" तो म्हणाला. आवाज त्याच्या अपेक्षेपेक्षा लहान निघाला, पण निघाला.

श्यामसुंदरांनी घड्याळाकडे पाहिले, मग मीटर त्याच्या हातात दिले. हातात सहज मावणारे पिवळे यंत्र. त्याच्या दर्शनी भागावर चार बारीक गोल जाळ्या होत्या. प्रत्येक जाळीआडून एकेक वायू ओळखला जाई. आणि चौथ्या जाळीवर, बरोबर तिच्या गोलात बसेल असा, हळदीकुंकवाचा टिळा होता.

दसऱ्याला कारखान्यातल्या साऱ्या यंत्रांची पूजा झाली होती, ते भिंतीवर सुकलेल्या झेंडूच्या तोरणांवरून दिसतच होते. मोटारी, पंप, पाने, हातोडे, सगळ्यांच्या कपाळी टिळे होते. मीटरलाही कोणी तरी भक्तिभावाने लावला होता. खोबरेल तेलात कालवलेले कुंकू तीन-चार आठवड्यांत घट्ट वाळून जाळीत मुरले होते.

पूजेच्या टिळ्याकडे बोट दाखवून हा दोष आहे असे इतक्या माणसांसमोर म्हणणे शौनकच्याने होईना. त्याऐवजी त्याने पाठीवरच्या पिशवीतून चाचणीच्या वायूचा छोटा सिलिंडर काढला. त्यात चारही वायू ठराविक, निरुपद्रवी प्रमाणात भरलेले असतात. तो मीटरवर सोडला की चारही आकडे हलले पाहिजेत, असे त्याने हळू आवाजात सर्वांना समजावले आणि नळी जोडली. माणसे भोवती वाकली. पहिला आकडा खाली आला. दुसरा चढला, तिसरा चढला. चौथा शून्यावरच राहिला. त्याने पुन्हा केले, अर्धा मिनिट थांबून आणखी एकदा केले. चौथा आकडा जागचा हलेना. त्या विषारी वायूचा आकडा तोच होता.

भोंगा वाजला. कोणी तिकडे लक्ष दिले नाही.

श्यामसुंदर भला माणूस. त्यांनी वाद घातला नाही, स्वतःच शेजारच्या कारखान्यात जाऊन त्यांचे मीटर मागून आणले. शौनकने आधी त्याची चाचणी घेतली, मग दोरी बांधून ते टाकीत सोडले. हातभर दोरी गेली, दोन हात गेली. तळाशी पोहोचण्याआधीच ते धोक्याचा इशारा देत किंचाळू लागले. वर ओढले तेव्हा त्यावर सर्वांत मोठा आकडा एकशे चाळीसचा नोंदलेला होता. शंभराला माणसाच्या जिवाला धोका, असे शौनकने सांगितले.

दादूने कमरेचा पट्टा सोडला. तो शांतपणे सोडत होता, पण बक्कल त्याच्या हाताला लवकर सापडेना. मग तो ते जुने मीटर घेऊन भिंतीच्या सावलीत जाऊन बसला. शौनक थोडा वेळ घुटमळला आणि त्याच्या शेजारी जाऊन बसला.

"टिला मीच लावला व्हता," दादू म्हणाला. त्याने मान वर केली नाही. "बाकीचे बोलले, याला कशाला, हे काय हत्यार हाय? मी बोललो, आपला जीव यावर हाय, तर याला पयला मान. तेल लावून लावला, पडू नये म्हनून."

जो माणूस या यंत्राला इतका मानत होता, त्याच्याच बोटाने ते आंधळे झाले होते. काळजी घ्या, निष्काळजीपणा करू नका, ही आपल्या तक्त्यातली छापील वाक्ये शौनकला त्या क्षणी फार उथळ वाटली. निष्काळजीपणा येथे कोणी केलाच नव्हता. त्याने मीटर हळूच आपल्या हातात घेतले आणि उलटे केले.

"काका, मागच्या बाजूला लावा," तो म्हणाला. "इथे जाळी नाही. इथे कितीही मोठा टिळा लावला तरी चालेल."

दादूने मीटरच्या सपाट पाठीकडे पाहिले, मग शौनककडे. त्याच्या डोळ्यांत पाणी आले होते की ऊन होते, ते शौनकने पाहायचे टाळले. दादूने फक्त त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ तसाच राहू दिला. कोणी स्पर्श केला की अंग चोरणारा शौनक त्या दिवशी हलला नाही.

टँकर रिकामा परत गेला. टाकीवर मोठा पंखा लावून दिवसभर आणि रात्रभर हवा खेळवायची, नवी जाळी बसवून मीटर तपासायचे आणि मंगळवारी उतरायचे, असे ठरले. अहवालात शौनकने लिहिले की एका जाळीत बाहेरचा पदार्थ अडकला होता. कोणाचे नाव लिहिले नाही. शिफारशींत मात्र एक ओळ घातली: पूजेचा टिळा यंत्राच्या मागील बाजूस लावावा. जयमालाबाईंना त्याने फोनवर सगळे सांगितले, आणि शेवटी, पुष्कळ धीर करून, थँक यू म्हणाला. कशाबद्दल, असे त्यांनी विचारले नाही. त्या रिकाम्या नळकांड्याचे वजन त्याला अजून हातात जाणवत होते, आणि आता त्याचा सल उरला नव्हता.

मंगळवारी शौनक पुन्हा तेथे गेला. त्याने चारही आकडे पाहिले, सही केली. त्याचे काम तेथे संपले होते, तरी कोणी न सांगता तो दोर धरणाऱ्या माणसाच्या मागे जाऊन तोच दोर आपल्याही हातांत धरला. मास्क चढवून दादू उतरला आणि दोर खाली सरकत गेला. टाकीत फावड्याचा आवाज येत होता. मधेच तो थांबे, आणि शौनकचा श्वासही थांबे. "दादूकाका," तो हाक मारी. "हाय, हाय," असे खालून घुमत येई. त्या अंधाऱ्या भोकातून येणाऱ्या त्या एका शब्दासाठी कोणाचे आभार मानावेत ते त्याला कळत नव्हते, म्हणून तो मनातल्या मनात सगळ्यांचेच मानत होता.

पाऊण तासाने दादू वर आला, कोपरापर्यंत काळ्या गाळाने माखलेला. मास्क काढून त्याने पोटभर हवा घेतली आणि हात दूर धरून शौनकला म्हणाला, "सायेब, त्या खुंटीवरच्या माज्या शर्टाच्या खिशात फोन हाय. जरा काडा. गंगू लिवलेलं असंल, तिला लावा आनि माज्या कानाशी धरा."

शौनकने लावला आणि धरला. इतक्या जवळून दुसऱ्याच्या घरातला आवाज ऐकणे त्याला अवघड वाटत होते, पण हात हलवता येत नव्हता. भलत्या वेळी कसा फोन केला, असे पलीकडून दादूची बायको विचारत होती.

"काय नाय, असाच केला," दादू म्हणाला. "टाकी झाली साफ. हां, बरा हाय. आयक, सांजच्याला बोंबील जास्त घे. एक मानूस जेवाया आनतोय. नाय, बारीकच हाय, पन आज त्याला पोटभर वाढ."

फोन बंद झाला. कोणी जेवायला बोलावले की सांगायची तीन-चार कारणे शौनकपाशी नेहमी तयार असत. त्याने ती शोधून पाहिली. दादू हात धुवायला नळाकडे निघाला होता. जाता जाता मागे वळून त्याने विचारले, तिखट चालते ना. चालते, असे शौनक म्हणाला, आणि त्याच्या पाठोपाठ नळाकडे जाऊन त्याने दादूच्या माखलेल्या हातांसाठी तोटी फिरवली.