इटालियन तालीम

बुचावरचे दातांचे खड्डे अंगठ्याला लागत होते – वाइनच्या बाटलीचं साधं बूच, ते दातांत धरून संवाद म्हटले की जीभ वळणावर येते, हे फिर्मांला सतराव्या वर्षी कोणीतरी शिकवलं होतं... आता एकाहत्तराव्या वर्षी जीभ ठणठणीत होती, शब्दच दगा देत होते. काल दोनदा दिला होता, आणि आज संध्याकाळी पहिला प्रयोग.

फ्रान्समधल्या लिमोज शहराच्या या नाटकगृहात चाळीस वर्षं तो नट, दिग्दर्शक आणि सगळ्यांचा ‘मालक’. पहिल्या प्रयोगाच्या दुपारी इटालियन तालीम, हा त्याचाच नेम – गोल बसायचं, भाव नाही, हालचाल नाही, संवाद नुसते धडाधड म्हणत सुटायचं. अडेल त्याला कोणी सांगायचं नाही, त्याने तोंडाने कबूल करायचं. आज अडलो तर आपली न्यायाधीशाची भूमिका मंडळीतल्या गास्पारला देऊन टाकायची, असं त्याने मनाशी ठरवलं होतं.

“मालक, आज तुम्हीच सुसाट सुटा, आम्ही मागून धापा टाकत येतो,” गास्पार म्हणाला.

“त्याला चढवू नकोस,” एलियान म्हणाली. पंचवीस वर्षं ती त्याची नायिका होती.

दुसऱ्या अंकात तो अडला. समोर नुसतं कोरं... आणि एलियान त्याच सपाट सुरात म्हणाली, “म्हणजे घर विकलंच नाही, असं म्हणायचंय तुम्हाला.” हे वाक्य नाटकात नव्हतं. त्याचंच विसरलेलं वाक्य तिने फिरवून आपल्या तोंडून दिलं होतं. तो पुढे गेला. पुन्हा अडला, तेव्हा गास्पारने दिलं. कोणी चाचपडलं नाही, कोणी त्याच्याकडे पाहिलं नाही.

हे ऐन वेळी सुचत नाही – मला नाटक कळतं. सकाळी हे सगळे माझ्याशिवाय इथे बसले असणार. माझ्या खुर्चीत कोणीतरी बसून माझ्यासारखं अडून दाखवलं असणार... गास्पारनेच, आणि छान केलं असणार मेल्याने. लाजेने त्याचे कान तापले, आणि ते बघायला आपण हवे होतो असंही वाटलं.

तिसऱ्यांदा एलियानचं वाक्य आलं तेव्हा त्याने हात वर केला.

“थांब. तू घाई करतेस. मला दोन श्वास शोधू दे, मग दे.”

आता मात्र सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. एलियानचे डोळे भरले होते.

“बरं,” ती म्हणाली. “दोन श्वास.”

भूमिका गास्पारला द्यायची का, ते अजून ठरत नव्हतं. भीती तेवढी गेली होती. उरली होती ती लाज – पण ती आता चारचौघांत बसली होती, आणि एकट्याने वाहण्यापेक्षा हे त्याला जास्त सोसवत होतं.