क्युबाच्या ढोलांवर फुगडी

दुष्काळाचं साल होतं. जनावरं चारा छावणीवर गेलेली, त्यामुळं नेकनूरच्या महिला दूध संस्थेतले कॅन निम्मेच भरायचे. त्यातच क्युबाहून आलेल्या जॅझवाल्यांचा बीडला कार्यक्रम ठरला आणि सभासद बायांना पास मिळाले. संस्थेची सचिव शिवकन्या म्हणाली, "चला गं, एक संध्याकाळ तरी घराबाहेर काढू."

तिची सासू सरस्वतीबाई येईल असं कुणालाच वाटलं नव्हतं. गाई छावणीवर सोडून आल्यापासून म्हातारी भिंतीकडं तोंड करून पडून असायची. पण दुधाचा टेम्पो दारात थांबला तशी ती उठली आणि चढूनच बसली.

"आईला जपून ने," शिवकन्येचा नवरा उत्तरेश्वर म्हणाला. "आताशा तिचं ध्यान ठिकाणावर न्हाई."

मैदान खच्चून भरलं होतं. ट्रम्पेट कडाडलं, पिंपाएवढ्या उंच ढोलांवर दोघंजण उघड्या हातांनी तुटून पडले. शेजारची साखराबाई शिवकन्येच्या कानात ओरडली, "आपल्या वरातीतल्या ताशाच्या वरताण हाय की!"

शिवकन्या हसत सासूकडं वळली. खुर्ची रिकामी!

ती उठून धावत सुटली. पाण्याच्या टँकरपाशी पाहिलं, फाटकाबाहेर रिक्षावाल्यांना विचारलं, "हिरव्या लुगड्यातली म्हातारी दिसली का वो?" कुणी पाहिलं नव्हतं. रस्त्यावरून ट्रक सुसाट चाललेले. नवऱ्याला फोन करायचा धीर होईना.

तेवढ्यात साखराबाई धापा टाकत आली. "पुढं चल, लवकर!"

 गर्दीतून वाट काढत शिवकन्या स्टेजपाशी पोचली. तिथं सरस्वतीबाई पदर खोचून, क्युबाच्या गाणाऱ्या बाईचे दोन्ही हात धरून गरागरा फुगडी खेळत होती. ढोलवाला तिच्या पायांकडं बघून ठेका वाढवत होता.

शिवकन्या मटकन खालीच बसली. रडू आणि हसू एकदमच फुटलं.

फुगडी सुटल्यावर सासू डुलत तिच्यापाशी आली.

"कुठं गेलता आत्याबाई? जीव गेलता माझा!"

"हितंच तर हाय. ती बाई हात पुढं करून बोलवत हुती, कुणीच जाईना. पाव्हणी हाय, तिला कसं वाटंल?" सरस्वतीबाईनं पदरानं सुनेचे डोळे पुसले. "रडतीस कावून? माझं गुडघं धरलं, ऊठ. आता तू जा."

शिवकन्येनं चपला साखराबाईच्या हातात दिल्या आणि पदर खोचला.